जहाजावर चढायचा दिवस : बॅग कुठं गेली, केबिन कधी उघडणार?

दिवाळीच्या सुट्टीत क्रूझला निघालेल्या वाचकांची पत्रं यंदा बरीच आली. कुणी मुंबईहून गोव्याकडं निघालंय, कुणी सिंगापूरला जाऊन तिथून जहाज धरणार आहे. जहाजावर काय पाहावं, काय खावं हे फारसं कुणी विचारलेलं नाही. सगळ्यांचं घोडं अडलंय ते पहिल्या दिवशी : सामान कुणाच्या हवाली करायचं, ते परत कधी मिळतं, आणि पूर्ण पैसे भरलेल्या खोलीत जायला दुपार का व्हावी लागते. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (जालना) : टर्मिनलवर मोठ्या बॅगा काढून घेतात म्हणे, आणि धड पावतीही देत नाहीत. मग त्या आमच्यापर्यंत पोचतात कशा? विमानतळासारखा पट्टा असतो का?

उत्तर : पट्टा नसतो. बॅग थेट तुमच्या केबिनच्या दाराबाहेर येऊन उभी राहते, आणि तिला तिथवर आणतो तो हँडलला लावलेला टॅग. त्यावर प्रवाशाचं नाव, जहाज, तारीख, डेक म्हणजे जहाजाचा मजला आणि केबिन क्रमांक असतो. टर्मिनलच्या दाराशी हमाल बॅग घेतात, ती एक्स-रे यंत्रातून जाते, जाळीच्या ट्रॉलीत भरली जाते आणि जहाजाच्या खालच्या डेकवरच्या दारातून आत जाते. आत डेकनुसार वाटणी होते, मग सामानाच्या लिफ्टनं वर आणून कर्मचारी एकेका दाराशी बॅगा ठेवत जातात. दीड-दोन हजार प्रवासी म्हटले तरी दोन-तीन हजार बॅगा होतात. त्यामुळं सकाळी अकराला दिलेली बॅग दुपारी तीनला येईल किंवा रात्री आठला. आधी दिली म्हणून आधी येते, असा हिशेब इथं चालत नाही.

वेब चेक-इन पूर्ण झालं की टॅग डाउनलोड करता येतात. काही कंपन्या टर्मिनलवरच कोरी चिठ्ठी भरायला देतात. छापील टॅग केव्हाही बरा. जाड कागदावर रंगीत प्रिंट काढा, कारण डेक ओळखायला बऱ्याच कंपन्या रंग वापरतात. दाखवलेल्या रेघांवर घडी घाला, वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळा, हँडलभोवती फिरवून स्टेपलरच्या तीन-चार पिना मारा. झेरॉक्सवाला लॅमिनेशन करून देऊ का विचारेल. नको म्हणा, लॅमिनेशनचा कडक कागद हँडलभोवती वळवला की घडीवरच तडकतो. टॅग वरच्या मुख्य हँडललाच लावा. बाजूच्या कप्प्याच्या चेनला अडकवलेला टॅग ट्रॉलीत दोन बॅगा घासल्या की चेनच्या कडीसकट जातो.

चिठ्ठी हातानं भरावी लागली तर आकडे इंग्रजीत लिहा. जहाजावर सामान लावणारी मुलं फिलिपिन्स, इंडोनेशियापासून कुठलीही असतात. आपला मराठी एक त्यांना नऊ वाटतो आणि चार वाटतो आठ. ४१०७ची बॅग कुठल्या डेकवर जाईल, हे मग देवालाच ठाऊक.

आणखी दोन कामं आहेत. विमानाचे, जुन्या सफरीचे सगळे स्टिकर सोलून काढा. आणि बॅगेच्या आत, कपड्यांच्या अगदी वर, नाव, मोबाईल आणि केबिन क्रमांक लिहिलेला कागद ठेवा. बाहेरचा टॅग तुटला तर बॅग उघडून तोच शोधला जातो. बॅगेचा मोबाईलवर फोटोही काढून ठेवा, टॅग दिसेल असा. काळी, मध्यम आकाराची, चार चाकांची बॅग हरवली असं सांगितलं तर समोरचा माणूस नुसता हसतो.

ज्यांनी ‘केबिन नंतर ठरेल’ या स्वस्त प्रकारात बुकिंग केलंय, त्यांनी टॅग लवकर छापूच नयेत. क्रमांक शेवटच्या दिवसांत मिळतो. वरच्या वर्गाची केबिन ऐनवेळी मिळाली तरी तेच : तुम्ही नव्या खोलीत आणि बॅगा जुन्या खोलीच्या दाराशी. निघायच्या आदल्या संध्याकाळी बुकिंग उघडून क्रमांक पाहा आणि मगच छापा.

प्रश्न (लातूर) : लातूर एक्स्प्रेसनं सकाळीच सीएसएमटीला उतरू. जहाजावर चढायची वेळ दुपारी एकची दिली आहे. पाच माणसं आणि सहा बॅगा घेऊन तोवर कुठं बसायचं? लवकर जाऊन टर्मिनलवर थांबलं तर चालेल का?

उत्तर : लवकर जाऊन उपयोग नाही. ज्या जहाजावर तुम्ही चढणार, त्याच जहाजातून त्या सकाळी आधीचे प्रवासी उतरत असतात. त्यांच्या बॅगा, त्यांच्या टॅक्सी, त्यांना न्यायला आलेले पाहुणे यांनी आवार भरलेलं असतं. तुम्हाला दिलेली वेळ ही तुमच्या सोयीपेक्षा त्या गर्दीच्या सोयीची असते. आधी गेलात तर बाहेर उन्हात उभं राहावं लागण्याचीच शक्यता जास्त.

सीएसएमटीवर क्लोकरूम आहे. सामान ठेवायला रेल्वेचं तिकीट लागतं आणि प्रत्येक बॅगेला कुलूप हवं. कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. म्हणून दोन-तीन छोटी कुलपं घरूनच आणा. जहाजाचे टॅग मात्र लातुरातून लावून निघू नका. बर्थखाली बॅग सरकवताना ते पहिल्याच रात्री फाटतात. क्लोकरूममधून बॅगा सोडवल्या की तिथंच बाकावर बसून लावा. स्टेपलर हातातल्या पिशवीत ठेवा.

स्टेशनपासून बॅलार्ड पिअर दोनेक किलोमीटरच्या आत आहे. टॅक्सीवाल्याला ‘बोटीवर जायचंय’ एवढंच सांगाल तर तो गेटवेला नाहीतर भाऊच्या धक्क्याला नेऊन उभा करेल, कारण मुंबईत बोट म्हणजे मांडवा-अलिबागची. ‘बॅलार्ड पिअर, क्रूझ टर्मिनल’ म्हणा आणि तिकिटावर गेटचं नाव असेल तर ते दाखवा. बंदराचं आवार सुरक्षेत असतं, गेटवरच ओळखपत्र आणि बोर्डिंग पास पाहतात. दोन्ही वरच्या कप्प्यात ठेवा. पाच माणसं आणि सहा बॅगा एका टॅक्सीत बसणार नाहीत. दोन करा, आणि कागदपत्रं सगळी एकाच टॅक्सीत जाऊ देऊ नका.

नांदेड, परभणीहून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथंच सांगतो. जहाज सुटायच्या तास-दीड तास आधी गँगवे, म्हणजे जहाजात चढायचा पूल, बंद होतो, आणि वेळेवर न आलेल्या पाहुण्यासाठी जहाज थांबत नाही. दुपारी मुंबईत पोचणारी गाडी त्याच दिवशीच्या जहाजासाठी धरू नये. मनमाडच्या पुढं, कसारा घाटात तास-दोन तास गेले की सगळी सफर गेली. रात्रीची देवगिरी चालते. आदल्या दिवशी येऊन राहणं त्याहून बरं.

प्रश्न (अंबाजोगाई) : हातातल्या पिशवीत नक्की काय ठेवावं? आईला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे.

उत्तर : मोठी बॅग दिल्यापासून सहा-आठ तास ती दिसणार नाही असं धरूनच हातातली पिशवी भरा. मूळ ओळखपत्रं किंवा पासपोर्ट, बोर्डिंग पास, रोख, कार्ड, दागिने, चष्मा, चार्जर आणि औषधं यातलं काहीही हमालाकडं जाता कामा नये. पासपोर्ट मोठ्या बॅगेत राहिला आणि बॅग आत गेली, तर तुम्ही बाहेर आणि पासपोर्ट जहाजात. दोन-तीन हजारांतून ती एक बॅग शोधून काढेपर्यंत चेक-इन होत नाही.

लेकरं असतील तर पोहण्याचे कपडे आणि एक-एक बदलायचा जोड वर ठेवा. पूल दुपारीच चालू असतो, आणि सुती चड्डी-बनियनवर पाण्यात सोडत नाहीत, नायलॉनचे कपडे लागतात. म्हाताऱ्या माणसांसाठी शाल घ्या. आतला एसी आपल्याकडच्या माणसाला बोचतो. ही पिशवी पाठीवरची सॅक असावी. केबिन उघडेपर्यंत दोन तास ती घेऊन जेवणाच्या रांगेत उभं राहायचंय, जिने चढायचेत. चाकांची बॅग तिथं प्रत्येकाच्या पायात येते.

आता इन्सुलिन. ते मोठ्या बॅगेत अजिबात नको, कारण बंदरातल्या शेडमध्ये, उन्हात तापलेल्या ट्रॉलीत ती बॅग किती वेळ पडेल सांगता येत नाही. चालू असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं. न उघडलेल्या पेनांना मात्र २ ते ८ अंश हवेत. ती थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाच्या पॅकला थेट टेकू देऊ नका, मध्ये रुमाल घाला. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला चांगलं दिसलं तरी टाकूनच द्यायचं. केबिनमधला छोटा फ्रिज पुष्कळदा नुसता पेयं गार ठेवण्यापुरता असतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नये. बुकिंग करतानाच औषधासाठी फ्रिज हवा असं कळवा आणि चढल्यावर रिसेप्शनला आठवण द्या. वापरलेल्या सुया टाकायचा डबाही तिथंच मागा. औषधांची घटकनावं इंग्रजीत लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, आठवड्याच्या डबीत सुट्या नकोत.

प्रश्न (नांदेड) : इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड, चहाची किटली, आजोबांचा अडकित्ता आणि प्रवासासाठी धपाटे-चटणी. यातलं काय चालतं? बोर्डावर एवढी बंदी कशासाठी, हे कुणीच सांगत नाही.

उत्तर : बोर्डापासून सुरू करू, कारण त्यामागचं कारण खरंच समजून घेण्यासारखं आहे.

घरच्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल असतात आणि न्यूट्रल शेवटी जमिनीशी जोडलेला असतो. म्हणजे एका तारेत धोका, दुसरीत जवळजवळ नाही. जहाजाला जमीनच नाही. आहे तो पोलादी सांगाडा. बहुतेक जहाजांत विजेच्या दोन्ही तारा या सांगाड्यापासून वेगळ्या, अधांतरी ठेवलेल्या असतात. मुद्दाम. कारण समुद्रात एका ठिकाणी तार सांगाड्याला टेकली तरी पुरवठा तुटू नये आणि पंप, दिवे चालू राहावेत. पण त्यामुळं सांगाड्याच्या तुलनेत दोन्ही तारांत व्होल्टेज असतं. सर्ज प्रोटेक्टर असलेल्या बोर्डात तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये एक छोटा घटक बसवलेला असतो, जादा व्होल्टेज आलं की ते अर्थिंगमध्ये सोडून देणारा. जहाजात दुसरीकडं कुठं दोष निर्माण झाला की या घटकावर त्याच्या नेहमीच्या वाट्यापेक्षा जास्त व्होल्टेज तासन्‌तास राहतं. तो तापतो, आणि पेटूही शकतो. शिवाय बोर्डाचं बटण एकच तार तोडतं, दुसरी जिवंतच राहते. समुद्रात अग्निशमन दल बोलावता येत नाही, त्यामुळं या बाबतीत कुणी दयामाया दाखवत नाही. पुष्कळ कंपन्यांनी आता सर्ज असो-नसो, सगळेच बोर्ड बंद केले आहेत.

मग चार्जिंग कसं करायचं? केबिनमध्ये साधारणपणे दोन प्रकारचे सॉकेट असतात : युरोपी, गोल दोन पिनांचे, २२० व्होल्टचे, आणि अमेरिकी, चपट्या पिनांचे, ११० व्होल्टचे. आपले मोबाईलचे दोन गोल पिनांचे चार्जर युरोपी सॉकेटमध्ये बहुधा बसतात. लॅपटॉपची तीन पिनांची जाड भारतीय प्लग बसत नाही, तिला अॅडॉप्टर लागतो. चार-पाच यूएसबी तोंडांचा, सर्ज प्रोटेक्टर नसलेला एकच चार्जर घ्या. सगळ्या घराचं त्यात भागतं.

इस्त्री, कपड्यांचा स्टीमर, किटली, पाणी तापवायचा रॉड, राइस कुकर हे नाहीच. तापणारं आणि विसरलं जाणारं काहीही नाही, असं लक्षात ठेवलं की यादी पाठ करावी लागत नाही. उदबत्ती, कापूर, मेणबत्ती, निरांजनही नाही. पूजा करायची तर बॅटरीचा दिवा लावा. कपड्यांना लाँड्री असते, पण पैसे पडतात. पैठणी न्यायची तर घडी घालण्याऐवजी सुती कापडात सैल गुंडाळून न्या. केबिनमध्ये हँगरला लावून दोन तास सोडली की बरीच सावरते.

अडकित्ता घरीच ठेवा. एक्स-रेत तो पात्यासारखाच दिसतो आणि समजावून सांगेपर्यंत रांग थांबते. सुपारी कातरून डबीत आणा. तंबाखूचं म्हणाल तर सिंगापूरला खायची तंबाखू, गुटखा, ई-सिगारेट यांना देशातच बंदी आहे, च्युइंगगमलाही. तिथं ‘एकच पुडी होती’ हे कारण चालत नाही.

धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी गाडीत आणि टर्मिनलच्या बाहेर बसून संपवा. घरी शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर आत नेऊ देत नाहीत. कारखान्यात सीलबंद केलेला चिवडा, बिस्किटं, लोणच्याची न उघडलेली बाटली साधारणपणे चालते. डब्यात भरलेली घरची चटणी मात्र कितीही कोरडी असली तरी घरचीच.

यातलं काही मोठ्या बॅगेत सापडलं तर नुसती वस्तू जात नाही, अख्खी बॅग अडकते, आणि ते जास्त त्रासाचं. सुरक्षा विभाग ती बाजूला ठेवतो. तुमचं नाव पुकारतात किंवा केबिनच्या दाराला चिठ्ठी लावतात. तुम्ही खाली जायचं, त्यांच्यासमोर बॅग उघडायची, इस्त्री काढून द्यायची आणि पावती घ्यायची. वस्तू शेवटच्या दिवशी परत मिळते. अन्न मिळत नाही. एका इस्त्रीपायी पाच जणांचे कपडे रात्री नऊपर्यंत खालच्या डेकवर पडून राहतात.

प्रश्न (परभणी) : मागं एकदा जहाजात बाराला चढलो, पण केबिनच्या गल्लीचं दारच बंद. दोन वाजता उघडलं. खोलीत गेल्यावर कार्ड चालेना. असं का होतं?

उत्तर : आधीचे प्रवासी त्याच सकाळी खोली सोडतात. एकेका अटेंडंटकडं डझनावारी खोल्या असतात, आणि चादरी, न्हाणीघर, कचरा हे सगळं तीन-चार तासांत उरकायचं असतं. गल्लीच्या तोंडाशी असलेली अग्निरोधक दारं बंद दिसली की समजायचं, काम चालू आहे. दार ढकललं तर उघडतं, पण जाऊ नका. ओल्या चादरींचे ढीग आणि व्हॅक्यूमच्या वायरींतून तुमची सॅक नेऊन कुणाचंच भलं होत नाही. साधारण एक ते दोनच्या दरम्यान स्पीकरवर घोषणा होते, कधी सगळ्या डेकची एकदम, कधी एकेका डेकची. घोषणा झाली की पंधरा मिनिटं लिफ्टचा नाद सोडा. जिन्यानं जा, नाहीतर शेवटचा चहा सावकाश प्या.

कार्ड काही कंपन्या चेक-इनच्या खिडकीवरच देतात, काहींचं केबिनच्या दाराशी पाकिटात लावलेलं असतं. तेच कार्ड म्हणजे दाराची किल्ली, जहाजावरचा खर्च लिहिणारं खातं आणि बंदरावर उतरता-चढतानाचं ओळखपत्र. त्यावर केबिन क्रमांक बहुधा छापत नाहीत, हरवलं तर चोराला खोली कळू नये म्हणून. क्रमांक मोबाईलमध्ये लिहून ठेवा. सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात. पहिला आकडा बहुधा डेकचा असतो, आणि सम-विषम क्रमांक पुष्कळदा जहाजाच्या दोन बाजूंना वाटलेले असतात.

आता न चालणारं कार्ड. चुंबकी पट्टीचं कार्ड असेल तर पर्सच्या चुंबकाच्या बटणाजवळ किंवा चुंबकी मोबाईल कव्हरात ठेवल्यानं त्यातली नोंद पुसली जाते. हे सगळ्यात जास्त घडतं. टेकवायचं कार्ड असेल तर लोक ते नुसतं शिवून काढून घेतात. हिरवा दिवा लागेपर्यंत सेकंदभर धरून ठेवायचं आणि मगच दांडा दाबायचा. तरी लाल दिवाच येत असेल तर चेक-इनची एखादी नोंद अर्धवट राहिलेली असते, फोटो नसतो किंवा पैशाचं खातं जोडलेलं नसतं. रिसेप्शनला ओळखपत्र दाखवलं की दोन मिनिटांत नवं कार्ड मिळतं. पहिल्या दुपारी रांग मोठी असते, म्हणून कुटुंबातल्या दुसऱ्याच्या कार्डानं दार उघडून सॅक ठेवा आणि मग रांगेला लागा. एका खोलीतली सगळी कार्डं तेच दार उघडतात, पण उतरताना प्रत्येकाच्या कार्डावर त्याचाच फोटो दिसतो. भावा-भावांची कार्डं बदलली की गँगवेवर खोळंबा ठरलेला.

खाते जोडायला डेबिट कार्ड देऊ नका. जहाज त्यातली काही रक्कम आगाऊ अडवून ठेवतं आणि ती सुटायला परत आल्यावरही दिवस लागतात. क्रेडिट कार्ड द्या किंवा रोख जमा करा.

खोलीत शिरल्याबरोबर दिवे लागले नाहीत तर दाराशेजारी कार्ड घालायची खाच पाहा. आणि केबिनचं दार जड असतं, आपोआप मिटतं, लेकरांची बोटं सांभाळा. न्हाणीघराचा उंबरा आपल्या घरच्यापेक्षा उंच असतो. पहिल्या रात्री निम्म्या घराला तिथं ठेच लागते.

प्रश्न (हिंगोली) : चौघांची केबिन घेतली, पण फोटोत एकच पलंग दिसतो. फसवणूक तर नाही ना?

उत्तर : नाही. तिसरा-चौथा बिछाना छतात किंवा भिंतीत दुमडलेला असतो. अटेंडंट संध्याकाळी किल्लीनं तो खाली काढतो, शिडी लावतो आणि सकाळी परत मिटवतो. दुपारी मुलांना आडवं व्हायचं असेल तर त्याला तेव्हाच सांगा. अगदी लहान लेकराला वरच्या बिछान्यावर झोपवू नका. बुकिंगलाच त्याचं वय नीट लिहिलेलं असावं. मोठ्या पलंगाचे दोन वेगळे करून मिळतात, तेही त्याच वेळी सांगायचं. रिकाम्या बॅगा पलंगाखाली जातात. कडक कवचाची अवाढव्य बॅग जात नाही आणि मग सगळी सफर तिला ओलांडत फिरावं लागतं. भिंती बहुधा लोखंडी असतात. चुंबकाचे चार हुक नेले तर टोप्या, टॉवेल, पिशव्या टांगता येतात.

प्रश्न (धाराशिव) : आजीला फार चालवत नाही. टर्मिनलवर व्हीलचेअर मिळेल का? तीच केबिनपर्यंत नेता येईल?

उत्तर : चढण्यापुरती व्हीलचेअर टर्मिनलवर मिळते, पण बुकिंगच्या वेळी सांगून ठेवा आणि आत शिरताच पुन्हा मागा. ती तुम्हाला जहाजावर सोडून परत जाते, सफरभर तुमच्याकडं राहत नाही. स्वतःची नेणार असाल तर आधी टेप काढून तिची रुंदी मोजा. साध्या केबिनचं दार जेमतेम ५६-५८ सेंटिमीटर रुंद असतं, त्यातून नेहमीची खुर्ची उघडी जात नाही. घडीची असेल तर आत नेऊन मिटवायची. गल्लीत उभी ठेवू देत नाहीत, कारण आग लागली तर तीच सुटकेची वाट. रुंद दाराच्या, उंबरा नसलेल्या खोल्या वेगळ्या असतात पण मोजक्याच, त्या महिनोन्‌महिने आधी मागाव्या लागतात. साधी केबिनच घ्यायची झाली तर लिफ्टजवळची घ्या. आजींची केबिन आणि तुमची वेगळी असेल तर त्यांच्या बॅगेला त्यांच्याच केबिनचा टॅग लावा, आणि बुकिंगमध्ये ‘चालायला मदत लागते’ ही नोंद करा. आणीबाणीत कुठल्या खोलीत माणूस पाठवायचा हे त्या नोंदीवरूनच ठरतं.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : रात्रीचे नऊ वाजले तरी बॅग आली नाही तर काय करायचं?

उत्तर : आधी गल्लीत दोन्हीकडं आठ-दहा दारं चालून पाहा. आकड्यांची अदलाबदल होते. ७२३४ची बॅग ७३२४च्या दाराशी असते, म्हणून तेही दार पाहा. मग वरच्या आणि खालच्या डेकवर तुमच्याच जागी असलेलं दार. मग अटेंडंटला विचारा, सुरक्षा विभागात अडकलेल्या बॅगांची यादी त्याला कळते. शेवटी रिसेप्शन : तिथं टॅग तुटलेल्या बॅगा एका जागी गोळा केलेल्या असतात आणि तुम्ही काढलेला फोटो तिथं कामाला येतो. आठपर्यंत वाट पाहून मग हे सुरू करा. पाचला जाऊन भांडण्यात अर्थ नाही, तेव्हा निम्म्या जहाजाच्या बॅगा यायच्याच असतात. दुसऱ्याची बॅग तुमच्या दाराशी आली तर आत घेऊ नका. अटेंडंटला सांगा.

प्रश्न (बीड) : बॅगा लावायच्या सोडून सुरक्षेच्या सरावाला जावंच लागतं का?

उत्तर : लागतं. १३ जानेवारी २०१२च्या रात्री इटलीत जिलिओ बेटाजवळ कोस्टा काँकॉर्डिया खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेला नव्हता, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी २४ तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५पासून नियम बदलला : जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच सराव व्हायलाच हवा. तुमचं जमायचं ठिकाण कार्डावर अक्षरानं किंवा आकड्यानं छापलेलं असतं. हल्ली पुष्कळ जहाजांवर फोनवर किंवा टीव्हीवर चित्रफीत पाहून नंतर त्या ठिकाणी जाऊन कार्ड दाखवायचं असतं, पाच-दहा मिनिटांचं काम. केबिन उघडायच्या आधीच्या रिकाम्या वेळात ते उरकून टाका. सात छोटे आणि एक लांब भोंगा, ही खूण घरातल्या लेकरांनाही सांगून ठेवा.

प्रश्न (उदगीर) : बॅगा हमालाला न देता स्वतःच आत नेल्या तर चालतं का? आणि परतताना?

उत्तर : एक-दोन लहान बॅगा असतील तर बहुतेक जहाजं नेऊ देतात. पण एक्स-रे यंत्राच्या तोंडात बसेल एवढीच बॅग, आणि केबिन उघडेपर्यंत ती तुमच्याच हातात. दोन रात्रींच्या गोव्याच्या सफरीला प्रत्येकी एक सॅक पुरते. ती स्वतः न्या, टॅगची कटकटच नको. चौघांचं आठवड्याचं सामान असेल तर हमालाकडं द्या.

परतताना क्रम उलटा असतो. शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये रंगीत किंवा क्रमांकाचे टॅग येतात. जुने काढून ते लावायचे आणि रात्री दहा-अकराच्या आत बॅग दाराबाहेर ठेवायची. सकाळी ती टर्मिनलच्या हॉलमध्ये त्या रंगाच्या ओळीत मिळते. सकाळचे कपडे, चपला, औषधं, कागदपत्रं आधी बाजूला काढा आणि मगच बॅगेला कुलूप लावा. सगळं बांधून बाहेर ठेवलं आणि अंगावर फक्त रात्रीचा पायजमा उरला, असे प्रवासी प्रत्येक सफरीत निघतात. दुपारच्या गाडीचं तिकीट असेल तर बॅग बाहेर ठेवूच नका. स्वतः घेऊन उतरणाऱ्यांना सकाळी सगळ्यात आधी सोडतात, त्यांत नाव द्या. तरी गाडी आणि उतरण्याची वेळ यांत चार तास तरी असू द्या. तिजोरी उघडून आत हात फिरवा, आणि चढताना सुरक्षा विभागानं ठेवून घेतलेल्या वस्तूची पावती असेल तर ती घेऊन उतरतानाच्या टेबलावर जा. तिथून पुढं गेल्यावर परत आत सोडत नाहीत.